विल्टशर: कानात आवाज, पायात बूट आणि बरोबर सासू-सासरे

रानजाई (धागाकर्ती)

गेल्या मे महिन्यात सासू-सासरे आमच्याकडे रेडिंगला आले होते. लंडन दाखवून झाल्यावर अण्णांनी (सासरे, वाईचे, निवृत्त भूगोलाचे मास्तर) जाहीर केलं, "आता तो दगडांचा गोल." लंडनहून सुटणाऱ्या बसगाड्या विंडसर, स्टोनहेंज आणि बाथ एका दिवसात उरकतात. मी एकदा केलंय ते. नंतर आठवतं फक्त "गाडी सव्वातीनला सुटेल" एवढं वाक्य. म्हणून ठरवलं की एकच काउंटी (इथला जिल्हा) घ्यायची, चार दिवस द्यायचे, गाडी आपली आणि वाटाड्या फोनमधला.

विल्टशर आमच्यापासून एम फोर हायवेने तासाभरावर. चुनखडीच्या उघड्या टेकड्या, मेंढ्या आणि चार-पाच हजार वर्षांचा इतिहास असा शेतात पडलेला, बऱ्याच ठिकाणी तिकीटखिडकीही नाही.

ऑडिओ टूर ही भानगड आधी सांगते. तिच्या दोन जाती. एक त्या स्थळाची स्वतःची: आकडा दाबा, गोष्ट ऐका. स्टोनहेंजची अशी आहे, घरून निघतानाच फोनवर उतरवून घेता येते. दुसरी जीपीएसवाली: फोन खिशात, आणि तुम्ही ठरावीक जागी पोचलात की तिला आपोआप कंठ फुटतो. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण गोष्ट आधी उतरवलेली नसेल तर ती यायची कुठून? मी अर्धीच उतरवली होती. सिल्बरी हिलपाशी गाडी लावली, तर फोन म्हणतोय, "समोरच्या चर्चची भिंत पाहा." समोर दोन मेंढ्या. अण्णांनी त्या मन लावून पाहिल्या.

सिल्बरी म्हणजे माणसांनी रचलेलं जवळजवळ चाळीस मीटर उंचीचं टेकाड, वय साडेचार हजार वर्षांच्या आसपास. इतक्या जुन्या काळातलं एवढं मोठं मानवनिर्मित टेकाड युरोपात दुसरं नाही. आत राजा असेल, सोनं असेल म्हणून १७७६ मध्ये वरून खड्डा खणला, १८४९ मध्ये बाजूने बोगदा मारला, १९६८ मध्ये टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर आणखी एक. राजा नाही, सोनं नाही. मिळालं ते गवत, माती आणि मुंग्या. मग २००० साली माथ्यावरचा जुना खड्डा खचला आणि पोकळ झालेलं टेकाड भरत बसावं लागलं. आता वर चढायला बंदी आहे. अण्णा म्हणाले, "उगाच कोरून ठेवलं पोरांनी."

समोरच्या शेतातून वीस मिनिटं चढलं की वेस्ट केनेटची लांबुळकी कबर. साधारण इसवी सनपूर्व ३६५० ची, आत किमान छत्तीस जणांचे अवशेष मिळाले होते. दगडी खोल्यांत सरळ चालत जाता येतं, फुकट. आत गेल्यावर मी इअरफोन काढले, कारण तिथे बोलणारा माणूस नको वाटतो. फोनच्या टॉर्चपेक्षा साधी बॅटरी न्या.

खरी अडचण मात्र आईंची (सासूबाई) झाली. त्यांना इंग्रजी समजतं, पण इंग्लंडातलं इंग्रजी नाही. "काय म्हणतोय गं तो बाबा?" मी टूर थांबवून सांगेपर्यंत आम्ही पुढच्या जागी, आणि बाबा पुन्हा सुरू. शेवटी रात्री मुक्कामाच्या खोलीत दुसऱ्या दिवसाची माहिती मराठीत लिहून काढली आणि आवाज घुमू नये म्हणून डोक्यावर पांघरूण घेऊन फोनवर रेकॉर्ड केली. नवरा घाबरून उठला, त्याला वाटलं मी रडतेय. दोन-दोन मिनिटांच्या नऊ फायली झाल्या, घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकल्या. जीपीएस वगैरे काही नाही, माझी पद्धत म्हणजे "लाल फोनबूथ दिसला की तीन नंबर लावा."

दुसऱ्या दिवशी एव्हबरीत आई कानाला फोन लावून एकट्याच दगडांमधून फिरत होत्या. पुढे अण्णा काहीतरी सांगायला लागले तर त्यांना हाताने थांबवलं, "थांबा, सूनबाई बोलतेय." लग्नाला अकरा वर्षं झाली, हे पहिल्यांदा घडलं.

एव्हबरीबद्दल थोडं सांगतेच. स्टोनहेंजपेक्षा हे शिळावर्तुळ कितीतरी मोठं, जगातलं सगळ्यात मोठं. इतकं मोठं की त्याच्या पोटात गाव आहे, पब आहे, मधून हमरस्ता जातो. दगडांना हात लावता येतो. शिकारीला निघालेल्या जॉन ऑब्री या जुन्या वास्तूंच्या अभ्यासकाच्या ते १६४९ मध्ये नजरेला आलं. तो याच काउंटीचा. तोवर गावकऱ्यांना ते होतंच, त्यात विशेष काय? मध्ययुगात लोकांनी बरेच दगड आडवे करून पुरले, आणि नंतर घरं बांधायला फोडले. दगडाखाली गवताचा जाळ करायचा, तापला की गार पाणी ओतायचं आणि घण घालायचा. विसाव्या शतकात मुरंब्याच्या (संत्र्याचा, मार्मालेड) धंद्यातला वारसदार अलेक्झांडर केलर याने इथली जमीन विकत घेतली आणि पुरलेले दगड काढून पुन्हा उभे केले. जे सापडले नाहीत तिथे सिमेंटचे बुटके खांब. १९३८ मध्ये एका दगडाखाली माणसाचा सांगाडा मिळाला. जवळ कात्री, शल्यक्रियेचं पातं आणि १३२० च्या दशकातली नाणी. म्हणून त्या दगडाला न्हाव्याचा दगड म्हणतात, तेव्हा जखमा बघायचं काम न्हाव्याकडेच असे.

बाकी सॉल्झबरी, लेकॉक, डिव्हायझेस प्रतिसादांत लिहीन, आत्ता कुकरची शिट्टी झाली.

पेठेतला

आम्ही इतकी वर्षं विल्टशायर म्हणत आलो, असो. मुद्दा असा की ऑडिओ टूर म्हणजे पैसे देऊन आकाशवाणी ऐकणं. उलट प्रश्न विचारता येत नाही. वेरूळला आम्हाला जो गाइड मिळाला होता त्याने मुलीच्या एका शंकेवर अर्धा तास घालवला. तुमचा तो बाबा घालवेल?

रानजाई

@पेठेतला, इथे "शर" म्हणतात, पण "शायर" म्हटल्याने कोणी हाकलत नाही :)

बाकी तुमचं म्हणणं अर्धं मान्य. सहलीतली सगळ्यात भारी गोष्ट फोनने नाहीच सांगितली. सॉल्झबरी कॅथीड्रलमध्ये पट्टा लावलेले स्वयंसेवक आजी-आजोबा फिरत असतात. विल्यम लाँगस्पीच्या थडग्यापाशी मी टूर ऐकत होते: जॉन राजाचा सावत्र भाऊ, १२२६ मध्ये गेला, या कॅथीड्रलमध्ये पुरलेला पहिला माणूस. टूर पुढे सरकली. तेवढ्यात एक आजी कानाशी म्हणाल्या, "उंदराचं सांगितलं का त्यांनी?"

१७९१ मध्ये हे थडगं उघडलं तेव्हा कवटीच्या आत एक उंदीर मिळाला, जसाच्या तसा वाळलेला. आणि त्या उंदरात सोमलाचे अंश. लाँगस्पीवर विषप्रयोग झाला ही कुजबुज तो मेला तेव्हापासूनची! यावरून काही सिद्ध होत नाही, उंदीर सोमल खाऊन कुठूनही आलेला असू शकतो. पण तो उंदीर समोरच्याच म्युझियममध्ये ठेवलाय. आम्ही खास बघायला गेलो. आई म्हणाल्या, आमच्या माळ्यावरचे याच्याहून मोठे होते.

त्या रात्री मी उंदराची फाईल वेगळी केली.

याच विल्यमची बायको एला. तो समुद्रात बुडाला अशी बातमी आली तेव्हा लगेच एक स्थळ चालून आलं. तिने ठामपणे नकार दिला, नवरा जिवंत आहे म्हणाली, आणि तो खरोखर परतला. पुढे विधवा झाल्यावर तिने १२३२ मध्ये लेकॉकला मठ बांधला आणि नंतर स्वतः त्याची प्रमुख झाली. त्याच वास्तूत सहाशे वर्षांनी, ऑगस्ट १८३५ मध्ये, हेन्री फॉक्स टॅलबटने एका जाळीच्या खिडकीचा पोस्टाच्या तिकिटाएवढा निगेटिव्ह काढला. आज उरलेल्या फोटोंच्या निगेटिव्हांत हा सगळ्यात जुना. खिडकी अजून तिथेच आहे. सॉल्झबरी आणि लेकॉक वेगळ्या बसने, वेगळ्या दिवशी पाहिलं असतं तर ही बाई मला दोन तुकड्यांत भेटली असती, किंवा भेटलीच नसती. एकच काउंटी घेण्याचा फायदा हा.

म्हादई

वा रानजाई! मी स्विंडनला असते, मूळ फोंड्याची. स्विंडन विल्टशरातच, पण पर्यटक फक्त आमचा जादूचा चौक बघून घाबरतात. १९७२ चा, मध्ये एक मोठं वर्तुळ, भोवती पाच छोटी, आणि मधल्या वर्तुळात गाड्या उलट्या फिरतात. पहिल्यांदा मी तिथे देवाचं नाव घेतलं होतं.

इथे गोंयकार इतके आहेत की बसमध्ये कोकणी ऐकू येतं. चोरीस-पाव हवा असेल तर कळव.

गाडी नसलेल्यांसाठी: स्विंडनहून ४९ नंबरची बस एव्हबरीवरून डिव्हायझेसला जाते. सॉल्झबरी रेल्वे स्टेशनवरून स्टोनहेंजची वेगळी बस मिळते. आणि हात जोडून सांगते, एव्हबरीत एक कान मोकळा ठेवा. ए ४३६१ त्या वर्तुळातूनच जातो आणि एका वळणावर पटकन गाडी येते. माझी मावशी दोन्ही कानांत गोष्ट घालून रस्त्यात उभी होती. ट्रकवाला भला होता म्हणून.

रेल्वेत रस असेल तर एक दिवस स्विंडनला पण द्या. ग्रेट वेस्टर्नचा कारखाना १८४३ मध्ये इथे सुरू झाला, कामगारांची दगडी घरं अजून उभी आहेत.

संत्रानगरी

मस्त धागा. शिळावर्तुळं म्हटलं की आम्हा नागपूरकरांना राहवत नाही. जुनापाणीला, शहराला लागूनच, शेकडो आहेत. रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८६० च्या दशकात त्यातली काही उकरली होती. आमच्याकडे मात्र ना ऑडिओ, ना धड पाटी. गुराखी पोरगा हाच गाइड.

टिवल्याबावल्या

म्हणजे स्टोनहेंज आपल्याच लोकांनी बांधलं हे खरं तर! व्हॉट्सॅपवर आलं होतं.

संत्रानगरी

@टिवल्याबावल्या, नाही हो. आमची वर्तुळं लोहयुगातली, स्टोनहेंजचे मोठे दगड उभे राहिले त्यानंतर दीड-दोन हजार वर्षांनी आलेली. आमच्याकडे मधे पुरलेला माणूस, त्याची लोखंडी हत्यारं, घोड्याचा साज. दगड गोल मांडावेत हे दोन ठिकाणी दोन माणसांना सुचू शकतं. भाकरी पण जगात बऱ्याच ठिकाणी गोल असते.

रानजाई

भाकरीला +१.

स्टोनहेंजवरून एक सांगायचं राहिलं. रेकॉर्ड केलेली माहिती शिळी होते. मोठे सार्सन दगड नक्की कुठून आणले हे २०२० पर्यंत पक्कं नव्हतं. १९५८ मध्ये डागडुजी करताना एका दगडातून आरपार गाभा काढला होता. तो तिथे काम करणाऱ्या एकाने आठवण म्हणून ठेवून घेतला, बरोबर अमेरिकेला नेला आणि नव्वदीच्या घरात पोचल्यावर परत पाठवला. त्याची रासायनिक तपासणी केली आणि उत्तर मिळालं: उत्तरेला पंचवीस किलोमीटरवरचं वेस्ट वुड्स, म्हणजे याच काउंटीतलं रान. लहान निळे दगड वेल्सहून आणले हे आधीपासून माहीत होतं. मधोमध आडवा पडलेला अल्टार स्टोनही वेल्सचाच समजत, तो स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाकडचा निघाला, हे आलं २०२४ मध्ये. म्हणजे साधारण साडेसातशे किलोमीटर! माझ्याकडच्या एका जुन्या टूरमध्ये तो अजून वेल्सचाच होता. तेव्हा कुठलीही टूर घेण्याआधी ती कधीची आहे ते बघा. मराठी अर्थातच कुठेच नाही.

भटकभवानी

खर्च? गाडी चालवायला आपलं लायसन्स चालतं का? आणि स्टोनहेंजचं तिकीट ऐकून पोटात गोळा आला.

रानजाई

भारतातून आलेल्यांना आपल्या लायसन्सवर बारा महिने चालवता येतं, आणि डावीकडूनच, त्यामुळे हात लगेच बसतो. आतले रस्ते मात्र बैलगाडीच्या मापाचे आहेत. समोरून ट्रॅक्टर आला की मागे जायची तयारी ठेवा. टूर गाडी सुरू करण्याआधी लावून ठेवा. चालवताना फोन हातात दिसला तर दोनशे पाउंड दंड आणि लायसन्सवर सहा पॉइंट.

तिकिटाबद्दल एक गंमत. १९१५ मध्ये स्टोनहेंज सॉल्झबरीत लिलावात निघालं. सेसिल चब नावाच्या इसमाने ६,६०० पाउंडांना घेतलं. म्हणतात की तो बायकोसाठी खुर्च्या घ्यायला गेला होता, खरं-खोटं देव जाणे. तीन वर्षांनी त्याने ते देशाला देऊन टाकलं, आणि कागदात अट घातली की माणशी एका शिलिंगापेक्षा जास्त घेऊ नये. अण्णांनी तिकीटखिडकीवर हा मुद्दा काढू नये म्हणून त्यांना ही फाईल मी बाहेर पडल्यावर ऐकवली.

नॅशनल ट्रस्टचं (जुन्या जागा सांभाळणारी इथली संस्था) सदस्यत्व असेल तर स्टोनहेंजही त्यात येतं, शिवाय एव्हबरी, लेकॉक आणि पार्किंग. आम्ही तेच केलं.

पेठेतला

उंदराने मला गप्प केलं. पण या काउंटीचा आपल्याशी काही संबंध? की नुसतेच दगड आणि बिशप?

रानजाई

आहे की. ओल्ड सेरमला जा. सॉल्झबरीच्या उत्तरेला टेकडीवर पहिलं शहर होतं, किल्ला आणि कॅथीड्रल एकाच तटबंदीत. ते पहिलं कॅथीड्रल १०९२ मध्ये अर्पण झालं आणि पाचच दिवसांत वादळाने त्याचं छप्पर उडवलं. पाणी कमी, वारा फार, आणि किल्ल्यातले शिपाई आणि पाद्री यांचं रोजचं भांडण. शेवटी १२२० मध्ये पाद्र्यांनी खाली नदीकाठी नवं बांधायला घेतलं. गोष्ट अशी सांगतात की बिशपने बाण सोडायला लावला, तो हरणाला लागला, आणि हरीण जिथे पडलं तिथे पाया. आजचा मनोरा १२३ मीटरचा, ब्रिटनमधल्या चर्चच्या मनोऱ्यांत सगळ्यात उंच. त्याच्या ओझ्याने आतले खांब वाकलेत. मान वर करून खालून बघा, चक्क वाकलेले दिसतात.

तर वरचं शहर ओस पडलं, पण पार्लमेंटमध्ये त्याचे दोन खासदार १८३२ पर्यंत होते! गावात माणूस नाही, खासदार दोन. मूठभर मतदार, आणि जमीन ज्याची, मतं त्याची. ती जमीन १६९० च्या दशकात घेतली थॉमस पिट याने. कंपनीची मक्तेदारी धाब्यावर बसवून हिंदुस्थानात चोरटा व्यापार करणारा हा माणूस पुढे कंपनीचाच मद्रासचा गव्हर्नर झाला. तिथे त्याने गोवळकोंड्याच्या खाणीतला मोठा हिरा घेतला आणि १७१७ मध्ये फ्रान्सच्या रीजंटला (बालराजाच्या वतीने कारभार बघणारा) विकला. हिरा आज लूव्रमध्ये आहे. हिऱ्याच्या पैशातून मतदारसंघ घेतला असं सांगायला बरं वाटतं, पण खरेदी आधीची, हिरा नंतरचा. त्याचा नातू विल्यम पिट १७३५ मध्ये याच ओसाड टेकडीचा खासदार म्हणून पार्लमेंटमध्ये शिरला आणि पुढे पंतप्रधान झाला. आम्ही तिथे डबा खाल्ला. वारा इतका की पोळीचा घास हातातून उडेल.

टिवल्याबावल्या

पाद्री आणि शिपायांचं पाण्यावरून भांडण. आमच्या सोसायटीत रोज चालतं, कोणी कॅथीड्रल हलवत नाही.

म्हादई

रानजाई, चांदण्याची गोष्ट सांगितली नाहीस! विल्टशरच्या लोकांना मूनरेकर म्हणतात. चोरटी दारू तळ्यात बुडवून ठेवलेली, रात्री दाताळ्याने ओढून काढत होते तोच जकातीचे शिपाई आले. हे म्हणाले, "साहेब, ते बघा पाण्यात चीज पडलंय, तेच ओढतोय." चंद्राचं प्रतिबिंब! शिपाई या येड्यांना हसत निघून गेले. डिव्हायझेसवाले म्हणतात ते तळं आमचंच, बाकीची गावंही हक्क सांगतात.

पेठेतला

याला आपल्याकडे वेड पांघरून पेडगावला जाणे म्हणतात!

रानजाई

@पेठेतला, तुम्हाला ऑडिओ टूरचे पैसे माफ. ही फाईल मी पुन्हा रेकॉर्ड करते, शेवटी पेडगाव घालून.

डिव्हायझेसला गेलात तर केन हिलचे कालव्याचे दरवाजे (लॉक, पाणी भरून-सोडून होडी वर-खाली करणारे) बघा. दोन मैलांत २९, आणि त्यातले १६ एका सरळ रेषेत डोंगर चढतात. होडीला सगळे पार करायला पाच-सहा तास लागतात. अण्णा तिथे दोन तास बसले, मास्तरांना असं काही दिसलं की जेवण आठवत नाही.

आणि बाजारातल्या दगडी क्रॉसवरचा लेख चुकवू नका. १७५३ मध्ये चार बायकांनी मिळून एक पोतं गहू घ्यायचं ठरवलं. पैसे गोळा केले तर कमी भरले. त्यांतल्या रूथ पिअर्सकडे विचारणा झाली. ती म्हणाली, मी दिले नसतील तर इथेच मरून पडेन. पुन्हा म्हणाली, आणि पडली. मुठीत पैसे! गावाने हे दगडावर कोरून भर बाजारात लावलंय. ही फाईल आईंनी स्वतःच्या आवाजात केली, माझ्याने नीट होईना. त्यांच्या भिशीत अशी एक रूथ आहे म्हणे.

भटकभवानी

फायली मिळतील का? जुलैत आई आणि मावशी येताहेत. व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

रानजाई

पाठवल्या. आवाज पांघरुणातला आहे, सांभाळून घे. आणि चार्जिंगची बँक विसरू नकोस, जीपीएस दुपारपर्यंत बॅटरी खातं.

भटकभवानी

(धागा वर काढतेय.) जाऊन आलो. उंदीर हिट, मनोऱ्याच्या ३३२ पायऱ्या मावशी चढली, मी नाही. कबरीत कोणीच बोललं नाही. डिव्हायझेसच्या बाजारात दोघी बाकावर बसून सासूबाईंची फाईल ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर आईने काही न बोलता पर्स उघडली आणि सकाळच्या कॉफीचे साडेतीन पाउंड मावशीच्या हातावर ठेवले.